बसमधल्या मावशींना शिकवायचे काय?

प्रश्न : माझी मुलगी मुलुंडच्या एका शाळेत तिसरीत आहे आणि मी तेथील परिवहन समितीवर पालक प्रतिनिधी आहे. बस कंत्राटदाराच्या असून चालक व मदतनीस मावशी वरचेवर बदलतात. जूनमध्ये त्यांना सभागृहात बसवून दीड तासाचे व्याख्यान देतात आणि सह्या घेतात. याला प्रशिक्षण म्हणावे का? समितीने नेमका कशाचा आग्रह धरावा?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : सह्यांचा कागद तपासणीच्या वेळी दाखवायला उपयोगी पडेल, पण त्याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनी बसमध्ये मदतनीस आवश्यक केला आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीही नेमायला लावली. गाडीची तपासणी आरटीओ करते. माणसांची तयारी करून घेण्याचे काम मात्र आपल्याच समितीने अंगावर घ्यायला हवे.

पहिला आग्रह असा धरा की शिकवणे उभ्या बसमध्ये व्हावे आणि प्रत्येकाकडून प्रसंग करवून घ्यावेत. सोसायटीच्या फाटकाशी रोजची आजी नाही, एक अनोळखी गृहस्थ ‘आईनेच पाठवलंय’ म्हणतात आणि मागे रिक्षांचे हॉर्न वाजत आहेत, अशा वेळी मूल खाली न उतरवता आधी घरी फोन लावायचा, हे व्याख्यानात सर्वांना पटते, पण घाईत तेच सुटते. फेरी संपल्यावर शेवटच्या आसनापर्यंत चालत जाऊन झोपलेले मूल राहिले नाही ना, हे पाहणेही असेच अंगवळणी पाडावे लागते. पावसात बस तासभर अडकली, तर पालकांना कोणी कळवायचे, हेही आधीच ठरलेले असावे.

फिट येणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर आधी शिकलेले विसरायला लावावे लागते. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे, यांपैकी काहीही करू नये. मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. कोणत्या मुलाला असा त्रास आहे, हे त्या बसच्या मावशींना पालकांच्या संमतीने सांगितलेले असले पाहिजे. आपल्याकडे ही माहिती बहुधा शाळेच्या कपाटातच राहते.

लैंगिक अत्याचाराच्या संशयाविषयी मात्र संदिग्धता ठेवू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची शक्यता वाटली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेच्या कानावर घातले म्हणजे ते कर्तव्य संपत नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नये, ते जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे. मार्गदर्शनासाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. ‘नसत्या भानगडीत कशाला पडा’ असे मावशींना वाटते, त्यामागे बहुतेकदा नोकरी जाण्याची धास्ती असते. म्हणून तक्रार करणाऱ्याला कामावरून काढता येणार नाही, अशी अट कंत्राटातच घाला.

बदली माणसांबाबत, पोलीस पडताळणी आणि निदान चार फेऱ्या जुन्या मावशींबरोबर झाल्याशिवाय कोणाच्याही हाती एकटीने बस देऊ नये. आणि हे सारे सकाळ-दुपारच्या फेऱ्यांमधल्या वेळेत, त्या तासांचे पैसे देऊन करावे. सुटीच्या दिवशी विरारहून फुकट बोलावलेल्या बाईकडून लक्षपूर्वक ऐकण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?