हैतीतली दुवालिए घराण्याची हुकूमशाही १९८६ मध्ये संपली, मग हिंसाचार का थांबत नाही?
हुकूमशहा पळाला, त्याची माणसं मागेच राहिली. फ्रान्स्वा दुवालिए १९५७ मध्ये निवडून आला. सैन्यावर भरवसा नव्हता, म्हणून त्यानं स्वतःची फौज उभारली. लोक तिला 'तोंतों माकूत' म्हणत. हे तिथल्या बागुलबुवाचं नाव, खट्याळ पोरांना झोळीत घालून नेणारा काका! बहुतेकांना पगार नसे, त्यामुळे खंडणी हीच कमाई. माझ्या मते खरी कीड इथेच लागली. १९७१ मध्ये त्याचा १९ वर्षांचा मुलगा गादीवर आला, १९८६ मध्ये फ्रान्सला पळाला. माकूत कागदावर बरखास्त झाले, पण हत्यारबंद पोरं पाळायची पुढाऱ्यांची सवय गेली नाही. मुलगा २०११ मध्ये परतला आणि २०१४ मध्ये शिक्षेविनाच वारला. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोईझ यांना भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी घरात घुसून मारलं.