वाचकांचे प्रश्न : गाव इकडे, शाळा तिकडे, मध्ये हायवे

प्रश्न : आमची शाळा चौपदरी महामार्गाच्या एका बाजूला, तर गाव दुसऱ्या बाजूला आहे. गतिरोधक मागितले तेव्हा राष्ट्रीय महामार्गावर ते चालत नाहीत असं सांगण्यात आलं. नंतर झेब्रा पट्टे मारून दिले, पण त्यामुळे एकही गाडी हळू होत नाही. आम्ही नेमकं काय मागावं?
— एक शिक्षिका, ता. कळंब, जि. यवतमाळ

उत्तर : गतिरोधकाबद्दल तुम्हाला मिळालेलं उत्तर बरोबर आहे. राष्ट्रीय महामार्गावर उंचवटे नकोत, असंच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं धोरण आहे. ताशी ८०-१०० किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी उंचवट्यावर उडते आणि माणूस जागीच जातो. पण उंचवटा नाही म्हणून नुसते पट्टे मारून मोकळं होणंही चूक आहे.

हिशेब करून पाहा. महामार्गाच्या एका बाजूचे दोन पदर ७ मीटरचे आणि कडेची पक्की पट्टी साधारण दीड मीटरची असते. मूल सेकंदाला एक मीटर चाललं, तर तेवढा रस्ता ओलांडायला त्याला साडेआठ सेकंद लागतात. ताशी ८० वेगाचा ट्रक तेवढ्यात १९० मीटर येतो. एवढ्या लांबच्या गाडीचा वेग मोठ्या माणसालाही नीट जोखता येत नाही, तर दहा वर्षांच्या मुलाला कुठून येणार? चालकाची बाजूही बघा. ताशी ८० वेगात धोका ध्यानात येऊन गाडी थांबेपर्यंत सुमारे १२० मीटर लागतात, १०० वेगात १८० मीटर. झेब्रा पट्टे त्याला जेमतेम शंभर मीटरवरून दिसतात. म्हणून इशारा पट्ट्यांपाशी देऊन भागत नाही, तो निदान २०० मीटर आधी सुरू व्हायला हवा.

आमच्या मते मागणीचा क्रम असा ठेवा : आधी वेग, मग उभं राहायला जागा, मग उजेड. पट्टे शेवटी.

वेगासाठी रंबल स्ट्रिप मागा. या रस्त्यावर आडव्या मारलेल्या जाड पट्ट्या असतात. महामार्गावर त्या चालतात. त्यांचा खडखडाट चालकाला जागा करतो. २०० मीटरपासून पुढे टप्प्याटप्प्याने त्यांचे संच हवेत. सोबत शाळेची पाटी आणि वेगमर्यादेची पाटी दोन्ही अंगांना, म्हणजे डावीकडे आणि दुभाजकातही लावायला सांगा. डावीकडची एकटी पाटी ट्रकच्या आड जाते.

उभं राहायची जागा म्हणजे दुभाजकातली मोकळी, सपाट वाट. ती निदान २ मीटर खोल असावी, म्हणजे सायकल धरून उभ्या राहिलेल्या मुलाचं मागचं चाक रस्त्यावर येत नाही. ही वाट सरळ आरपार न ठेवता थोडी तिरपी ठेवली, तर चालणाऱ्याचं तोंड आपोआप येणाऱ्या गाड्यांकडे वळतं. दुभाजकातल्या कण्हेरीकडेही लक्ष ठेवा. ती समोरच्या दिव्यांचा झगमगाट अडवते, पण वाटेजवळ छातीएवढी वाढली की तिच्याआडचं मूल चालकाला शेवटच्या क्षणी दिसतं. वाटेच्या अलीकडे-पलीकडे ती गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये.

दिव्याचा खांब बहुतेक ठिकाणी चुकीच्या जागी उभा असतो. गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, पट्ट्यांच्या दोन-तीन मीटर अलीकडे तो हवा, म्हणजे उजेड माणसाच्या अंगावर पडतो. खांब पलीकडे असला, तर माणूस काळ्या सावलीसारखा दिसतो किंवा दिसतच नाही.

पट्टे साध्या रंगाचे नकोत. गरम करून ओतलेला थर्मोप्लास्टिक, अडीच मिलिमीटर जाड आणि वर काचेचे मणी टाकलेला हवा. आपल्याकडे पावसाळ्यात ट्रॅक्टरची चाकं शेतातली काळी माती आणून पट्ट्यांवर थापतात आणि पट्टे झाकले जातात. ते धुण्याचं काम देखभालीत लेखी घालून घ्या.

एवढं मुलांना नक्की शिकवा : पहिल्या पदरातल्या ट्रकने थांबून हात केला, तरी त्याच्या पुढच्या कोपऱ्याशी थांबायचं, वाकून दुसऱ्या पदरात बघायचं आणि मगच पाऊल टाकायचं. ट्रकच्या आडून येणाऱ्या कारला मूल दिसत नाही आणि मुलाला कार. चौपदरीवर अशाने फार जीव जातात.

प्रश्न : फाट्यावरच्या क्रॉसिंगसाठी ग्रामपंचायतीने तीन अर्ज दिले, उत्तर नाही. अर्ज कसा लिहावा?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : ‘अपघात फार होतात’ एवढ्या वाक्यावर काम हलत नाही, आकडे लागतात. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ‘आयआरसी १०३’ या पुस्तिकेत मोजमाप दिलं आहे. सर्वांत गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणारी माणसं मोजा, त्याच तासातल्या गाड्या मोजा. गाड्यांच्या आकड्याचा वर्ग करून त्याला माणसांच्या आकड्याने गुणा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार १० कोटींच्या वर आणि दुभाजक असलेल्यावर २० कोटींच्या वर गेला, तर तिथे नियंत्रित, म्हणजे गाड्यांना थांबायला लावणारं क्रॉसिंग हवं, असा निकष आहे. तासाला १,००० गाड्या आणि २०० माणसं म्हणजे बरोबर २० कोटी. मोजणी शाळा सुटण्याच्या वेळी आणि बाजाराच्या दिवशी करा. दर १५ मिनिटांची नोंद दोघांनी वेगवेगळी ठेवा, म्हणजे कोणी खोडून काढणार नाही. गाव लहान असेल तर गुणाकार कमी भरेल. तरी थांबू नका. गाड्यांचा वेग ताशी ६५ च्या वर आहे आणि माणसं जखमी होतात, हेही त्यात धरलं जातं.

दुसरी बाब मनापासून सांगतो. सुमारे ५०० मीटरच्या तुकड्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट, म्हणजे अपघातप्रवण जागा ठरतो. हे मोजलं जातं पोलिसांच्या नोंदीवरून. पाय मोडला, पैसे घेऊन आपसात मिटवलं, तर कागदावर तो अपघात झालाच नाही. गावाने नोंद करायची सवय लावली पाहिजे.

अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा तक्ता, गुन्हा क्रमांकांची यादी आणि जवळच्या किलोमीटर दगडाचा क्रमांक जोडा. तो जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या, प्रत महामार्गाच्या प्रकल्प संचालकांना. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ चा उल्लेख जरूर करा. रचनेचे वा देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : कापसाची बंडी (बैलगाडी) रात्री हायवेवरून न्यावी लागते. चमकपट्टी लावली तर टिकत नाही.
— शेतकरी, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : तेल आणि धूळ मुरलेल्या लाकडावर ती धरत नाही. आधी पत्र्याची पट्टी खिळ्यांनी ठोका, घासून कोरडी पुसा, मग ५ सेंटीमीटर रुंद पट्टी चिकटवा. मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. भरलेली बोरी मागे लोंबते आणि पट्टी झाकते, म्हणून बोरीवरही एक लाल पट्टी बांधा. चाकाच्या आऱ्यांवर तुकडे लावले तर फिरताना लांबून ओळखू येतात. बंडी मोडली आणि मागे दगड मांडले, तर निघताना ते उचलायचेच. रात्री दुचाकी त्याच दगडांवर जाते.

प्रश्न : एसटी थांब्यावर उतरलेली माणसं गाडीच्या पुढून पळतात. थांबा कुठे हवा?
— ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : क्रॉसिंगच्या पुढे. गाडी पट्टे ओलांडून थांबली की उतरलेली माणसं तिच्या मागून येतात आणि येणारी वाहनं त्यांना दिसतात. थांब्याची जागा मुख्य पदराच्या बाहेर आत घ्यायला सांगा.

प्रश्न : भुयारी मार्ग आहे, पण पावसाळ्यात कंबरभर पाणी. लोक वरूनच जातात. आता दुभाजकातली तोड बुजवणार म्हणतात.
— ता. तिवसा, जि. अमरावती

उत्तर : आधी बोगदा कोरडा, मग तोड बंद, हाच क्रम धरा. उलट केलं तर लोक रेलिंगवर चढून जातील आणि म्हाताऱ्यांना तेही जमणार नाही. पाणी साचण्याचं कारण बहुधा निचऱ्याच्या नालीत बसलेला काळ्या मातीचा गाळ असतो. मेअखेर नाली उपसायची, तिचं तोंड ज्या नाल्यात जातं तो खालच्या पातळीवर आहे का ते तपासायचं. नसेल तर पंप आणि खड्डा लागेल. आतून एका कडेने फूटभर उंच पायवाट बांधून घ्या आणि दिवे लावून घ्या. त्या जागी पादचारी पूल सुचवला गेला तर मान्य करू नका. पुलाखाली साडेपाच मीटर उंची सोडावी लागते, म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढा आणि तेवढ्याच उतरा. डोक्यावर गवताचा भारा असलेली बाई आणि बैलजोडी तिथून जाणार नाहीत.