पाचट गाडलं आणि खोडवा पिवळा पडला, नत्र गेलं कुठं?

प्रश्न: यंदा ऊस तोडल्यावर उरलेलं पाचट (वाळलेली पानं) जाळलं नाही, कुट्टी करून सरीत मातीआड केली. वरून गुळाचं पाणी आणि अ‍ॅझोटोबॅक्टर (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) सोडलं, युरिया दिलाच नाही. तीन आठवड्यांत खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेल्या पिकाची) खालची पानं पिवळी पडली. शेजारी म्हणतात जाळायलाच पाहिजे होतं. काय चुकलं?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर: जाळलं नाहीत हे फार चांगलं केलंत, जाळलं असतं तर पाचटातलं नत्र धुरावाटे गेलं असतं. आता ते रानातच आहे, फक्त सध्या जिवाणूंच्या अंगात अडकलंय.

हिशोब असा. जिवाणूच्या शरीरात साधारण 8 भाग कर्बाला 1 भाग नत्र असतं, पण खाल्लेल्या कर्बातला दोन तृतीयांश तो श्वासातच घालवतो, म्हणून त्याला 24 ला 1 असं खाणं लागतं आणि पाचटात हेच प्रमाण 100 च्या आसपास, मग कमी पडलेलं नत्र तो मातीतून उचलतो. मातीतल्या नत्राच्या दोन रूपांपैकी अमोनियम आधी, कारण ते थेट वापरता येतं, नायट्रेटचं आधी अमोनियम करण्यात ताकद जाते. ह्या ओढाताणीत ऊस मागं पडतो, जुन्या पानातलं नत्र कोवळ्या पानाला देतो, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो.

गुळाने ही भूक अजून वाढवली. साखर मिळाली की जिवाणू आधी तीच खातात आणि बरेच जण तोवर पाचट पचवायची एन्झाइम बनवतच नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी 1940 च्या दशकात ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूंना ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन साखरा एकत्र दिल्या, तेव्हा जिवाणूंनी आधी ग्लुकोज संपवलं, मग वाढ थोडी थांबली, मग लॅक्टोजला हात घातला.

अ‍ॅझोटोबॅक्टरवर एवढ्यात भिस्त नको. हवेतल्या नत्राचा एक रेणू मोडायला त्याला किमान 16 एटीपी (पेशीतली ऊर्जेची नाणी) लागतात, त्यामुळे जवळ तयार अमोनियम असलं की तो हे काम बंदच करतो, आणि केलं तरी ते नत्र आधी त्याच्याच अंगात जातं.

आता टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर द्या, ओल टिकवा, गूळ थांबवा. अधूनमधून सरी उकरून बघा. पाचट काळं पडून बोटांत चुरायला लागलं की खाणं संपत आलं, जिवाणू मरायला लागतात आणि त्यांच्यातलं नत्र उसाला मिळायला लागतं.