इंग्रजीत ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ का चालत नाही?

दोन उपवाक्यं जोडायला इंग्रजीत एकच उभयान्वयी अव्यय लागतं, म्हणून ‘ऑल्दो’ आलं की ‘बट’ गाळायचं. चूक होते ती मराठीच्या सवयीमुळे: आपल्याकडे ‘जरी’ची जोडी ‘तरी’शिवाय पुरी होत नाही, आणि तो ‘तरी’ आपण ‘बट’ करून टाकतो. पण ‘ऑल्दो’ आपलं उपवाक्य गौण करतं. दुसरं मुख्य म्हणून मोकळंच राहायला हवं.

‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट’ बरोबर. ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ हेही बरोबर. दोन्ही एकत्र केलं की चूक. ‘बिकॉज’ आणि ‘सो’चं अगदी तसंच.

स्वल्पविराम: ‘ऑल्दो’चा भाग आधी आला तर तो संपताच द्या.

जोर द्यायचाच असेल तर ‘स्टिल’ मात्र चालतं, ‘वी स्टिल वेंट आउट’, कारण ते इथे क्रियाविशेषण आहे, जोडणारा शब्द नाही. ‘इफ’नंतरचं ‘देन’ही त्याच कारणाने चालतं. आणि ‘डिस्पाइट’नंतर पूर्ण उपवाक्य नको, नाम हवं: ‘डिस्पाइट द रेन’.