बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर ऐरोलीतल्या कंपनीने माझा हुद्दा आणि पगार कमी केला. असं करता येतं का?

नाही, करता येत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६८ नुसार (नोव्हेंबर २०२५ पर्यंत हीच तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम १२ मध्ये होती) या रजेमुळे बाईला कामावरून काढणं बेकायदा आहेच, पण तिच्या सेवाशर्ती तिचं नुकसान होईल अशा बदलणंही बेकायदा आहे. मी ठाण्यात कामगारांची प्रकरणं चालवते, आणि ‘तुम्ही सहा महिने घरीच होतात’ हे कारण सारखं ऐकते. ते टिकत नाही: पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

मात्र पगार कापला हे स्लिपवर दिसतं. हुकलेली बढती, काढून घेतलेलं चांगलं काम सिद्ध करणं फार अवघड जातं. आणि खरा दंड बहुतेकींना तिथेच बसतो. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या संशोधनातही पहिल्या मुलानंतरच स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी रुंदावताना दिसते.

आज एवढं करा:
- रजेआधीच्या आणि नंतरच्या पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, ईमेल घरी जपून ठेवा.
- हुद्दा का बदलला, हे लेखी विचारा.
- रागाच्या भरात राजीनामा देऊ नका; नव्या पगाराच्या पत्रावर संमतीची सहीही नको.