आधी कालवडीशेजारी नुसतं बसायला शिक

तुझं पत्र मिळालं. आठवडाभर कामानं जीव मेटाकुटीला येतो, शनिवार-रविवारी निवांतपणा हवा, आणि त्याच दोन दिवसांत कालवड प्रदर्शनासाठी तयार करायची आहे. हे जमायचं कसं, असं विचारलंयस. माझं उत्तर ऐकून हसशील. पहिले दोन-तीन शनिवार तिला काहीही शिकवू नकोस.

मोरकी, म्हणजे डोक्या-तोंडाभोवती बांधायची दोरी, घाल, तिच्या डोक्याच्या उंचीवर पक्क्या खांबाला आखूड दोरीनं बांध, गाठ एका हिसक्यात सुटणारी मार, आणि जवळच स्टूल टाकून वाचत बस. फोन घरात ठेव. ती आधी तुझ्याकडे टक लावून पाहील, दोरीला झटके देईल, फुसफुसेल. मग कधीतरी मान खाली घालून रवंथ करू लागेल. तो आवाज ऐकलास की समज, तुमचं दोघांचंही काम सुरू झालं. तुला हवी आहे ती विश्रांती मला तरी तिथेच सापडली. फक्त बांधलेल्या नवख्या जनावराला एकटं सोडून जाऊ नकोस. दोरीत पाय अडकायला क्षणही लागत नाही.

मग खरारा. मांसासाठी पाळलेल्या जातींत केसांना फार किंमत. हेरफर्ड, अँगस, शॉर्टहॉर्न यांचे दाट केस नीट उभे राहिले की अंग भरलेलं दिसतं. थंड पाण्यानं भिजवायचं, ब्रश पुढे आणि वर फिरवायचा, ब्लोअरनं त्याच दिशेनं वाळवायचं. हे मात्र शनिवार-रविवारपुरतं करून भागत नाही. मधल्या दिवसांत रोज थोडा वेळ कुणीतरी द्यायला हवा. कात्री किंवा मशीन धुतलेल्या, वाळलेल्या केसांवरच चालव. धुळीनं पाती बोथट होतात.

चालवायला लागशील तेव्हा तिच्या डाव्या बाजूला राहा. दोरी ताणलीस की ती पाय रोवणार, आणि ओढाओढीत तीच जिंकणार. वजन तिचं जास्त आहे. हलका ताण धर, थांब. तिनं एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी दोरी सैल कर. तेवढ्या सैलपणासाठी ती पुढचं पाऊल टाकते. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. ती चांगली चालली की तिथंच थांबायचं. 'आणखी एकदा' म्हणून सगळं बिघडवण्यात माझा हातखंडा होता!

पहिल्या प्रदर्शनात मी काय केलं, ते सांगतो. घरच्या शांततेत माझी कालवड मेंढरासारखी मागे यायची. रिंगणात लाउडस्पीकर खरखरला आणि ती उधळली. दोरी मी हाताला गुंडाळून घेतली होती. दोन बोटं मोडली, आणि लाज वाटली ती वेगळीच. तेव्हापासून माझ्या गोठ्यात रेडिओ चालू असतो आणि दोरी घडी करून मुठीत असते. गाईगुरांना जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. तिथून कुणी आलं की लाथ बसते. जमिनीवरची सावली किंवा पाण्याचं डबकंही त्यांना खड्ड्यासारखं वाटतं. अशा ठिकाणी तिला वास घेऊ दे, मग चालव.

परीक्षक बाजूनं बघत असेल तर त्याच्याकडचा मागचा पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मागे हवा. शो स्टिकनं, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या लांब काठीनं, खुराला हलकं टोचून पाय जागेवर आणायचा आणि पोटाखाली खाजवत राहायचं, ती शांत उभी राहते. परीक्षक आधी पाय आणि चाल बघतो, पाठ सपाट आहे का, पुठ्ठा रुंद आहे का बघतो, बरगड्यांवर हात फिरवून चरबीचा अंदाज घेतो. म्हणून खाऊ घालून फुगवू नकोस. १७९६ साली जन्मलेला इंग्लंडचा 'डरहॅम ऑक्स' हा शॉर्टहॉर्न बैल इतका अवाढव्य होता की खास गाडीतून गावोगाव दाखवत फिरवायचे. १८०७ मध्ये त्याच गाडीतून उतरताना त्याचा खुबा निखळला आणि शेवटी त्याला कापावं लागलं. लोकांना आजही त्याचं वजन आठवतं. मला ती गाडीची उतरण आठवते.

परत आल्यावर तिला दोन-तीन आठवडे बाकीच्या गुरांपासून वेगळं ठेव. बक्षीस मिळो न मिळो, खोकला मात्र घरी येतोच.

पुढच्या वर्षी खच्ची केलेला गोऱ्हा दाखवायचा विचार आहे, असं पत्राच्या शेवटी घाईघाईनं लिहिलंयस. कालवड पैदाशीसाठी राहते. गोऱ्हा बहुधा प्रदर्शनानंतर कत्तलीला जातो. हे तुला ठाऊक आहे, म्हणूनच ती घाई. जमणार नसेल तर कालवडीच दाखव, त्यात कमीपणा काही नाही. घेतलासच, तर त्या दिवशी गाडीपर्यंत तूच ने आणि मोरकी तूच काढ. मी अजून तसंच करतो. त्यानंतरचा रविवार मी मोकळा ठेवतो आणि कुणाला बोलावत नाही.

ता. क. खुरं अजून साळली नसतील तर याच आठवड्यात साळून घे. प्रदर्शनाला महिना तरी हवा. साळल्यावर काही जनावरं थोडे दिवस लंगडतात.