दारू सोडून बरेच दिवस झाल्यावर शरीरात आणि मनात नेमकं काय बदलतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाने दारू सोडून चार महिने झाले, चेहरा उजळला, पोट उतरलं, पण माणूस आधीपेक्षा जास्त चिडका झालाय. हे असंच राहणार का, आणि घरच्यांनी किती दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर काम करतो. येत्या आषाढात मला दारू सोडून अकरा वर्षं होतील. म्हणजे गटारीला आठ दिवस उरले असताना सोडली. असला मुहूर्त कोणी ठरवून काढत नाही.

आधी शरीराचं सांगतो, ते सोपं आहे. शेवटची दोन वर्षं सकाळी सहाला साठ मिली पोटात गेल्याशिवाय मला व्हर्नियर, म्हणजे माप घ्यायचं साधन, धरता येत नव्हता. चहावाला पोरगा माझा कप अर्धाच भरायचा, सांडतो म्हणून. सोडली तीही चुकीच्या पद्धतीने, एका रात्रीत, कोणाला न सांगता. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंगळे दिसायला लागले आणि गल्लीत हलगी वाजतेय असं वाटायला लागलं. बायको म्हणाली, बाहेर कुत्रंसुद्धा नाही. ॲडमिट करावं लागलं.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असले भास होऊ शकतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. मेंदू वर्षानुवर्षं दारूच्या लोडवर चाललेला असतो. लोड निघाला की पट्टा तुटलेल्या मोटरसारखा सुसाट सुटतो. दवाखान्यात गोळ्या देऊन त्याला हळूहळू शांत केलं. ग्लुकोजच्या आधी बी-१ चं इंजेक्शन दिलं, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते जीवनसत्त्व फारसं उरलेलं नसतं आणि नुसती साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. तुमचा भाऊ हे सगळं पार करून आलाय. पण दुसरा कोणी पिणारा हे वाचत असेल तर बाबा, आधी डॉक्टरला विचार, मग बंद कर.

त्यानंतर शरीराने माझी वाट बघितली नाही. रक्तातली जीजीटी, म्हणजे लिव्हरचा त्रास दाखवणारा आकडा, ३८० होती, दोन महिन्यांनी ५८ आली. दारूने फुगलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी जाग्यावर यायला चार महिने लागले, कारण तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, जुन्या मरून नव्या याव्या लागतात. लिव्हरवरची चरबी उतरली, ती बऱ्याच जणांची काही आठवड्यांतच उतरायला लागते. सिरॉसिसपर्यंत, म्हणजे लिव्हरमध्ये व्रण पडेपर्यंत, गेलेल्याचं तसं नसतं, तिथले व्रण सहसा पूर्ण जात नाहीत, पण दारू सोडल्याचा फायदा त्यालाही होतो. माझी बीपीची गोळी निम्मी झाली. चहा पूर्ण कप मिळायला लागला.

पायाच्या नसा मात्र पूर्ण परत आल्या नाहीत. डाव्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. अंगठ्यातून चप्पल निसटली तरी मला कळत नाही. एकदा महाद्वार रोडवर बराच वेळ एका चपलेवर चाललो, मागून एका बाईने ‘ओ काका’ करत दुसरी आणून दिली. कोल्हापूरच्या माणसाने चप्पल अशी हरवावी म्हणजे काय!

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. चौथ्या महिन्यात मी जेवणाचं ताट भिरकावलं होतं. पीत होतो तेव्हा कधी तसं केलं नव्हतं. कारण काय, तर आमटीत मीठ कमी. बायको म्हणाली, ह्यापेक्षा पिलेला बरा होता. तिला दोष देत नाही. सगळ्यांना, मलासुद्धा, वाटत होतं की रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे माणूस नॉर्मल झाला. अठराव्या वर्षापासून राग आला, लाज वाटली, कंटाळा आला, पगार झाला, सगळ्याला माझ्याकडे एकच औषध. ते काढून घेतल्यावर पस्तिशीच्या माणसाला राग कसा गिळायचा हेच माहीत नव्हतं. त्यात झोप नाही. दारूने माणूस पडतो लवकर, पण तिने स्वप्नांची झोप कापलेली असते. सोडल्यावर ती सगळी थकबाकी वसूल व्हायला येते. पिण्याची स्वप्नं तर अजून पडतात. नवव्या वर्षी एकदा पहाटे उठून मी स्वतःच्या हाताचा वास घेऊन बघितला होता.

माझा चिडका काळ आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत चालला. भावाचा कमीजास्त असेल. पण तो झोपतच नसेल, किंवा मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर वाट बघू नका, मनोविकाराच्या डॉक्टरला दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि त्याची संध्याकाळ बघा. माझी सात ते दहा ही वेळ अंगावर यायची. हाताला ग्लास लागायचा. कोणीतरी म्हणालं गंगावेशीत जा. तिथे कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध देतात. वर्षभर मी रोज संध्याकाळी तिथे उभा असायचो. गोड खायची आग व्हायची ती पण थोडी भागायची. वजन सहा किलो वाढलं, वाढू दे म्हटलं. रस्सा मंडळाला, म्हणजे मित्रांच्या मटण-रश्श्याच्या बैठकीला, पहिली दोन वर्षं गेलोच नाही, मला तांबड्या रश्श्यालासुद्धा दारूचा वास यायचा. तिसऱ्या वर्षी गेलो. पांढरा दोन वाट्या पिऊन बसलो, तर एक मित्र तोच किस्सा चौथ्यांदा सांगत होता आणि बाकीचे चौथ्यांदा हसत होते. एवढी वर्षं मीही हसत असणार.

दुसऱ्या वर्षी वडिलांची लूना भंगारात घातली आणि तिथेच, भंगारवाल्यासमोर, रडायला लागलो. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हा मी पिलेला होतो, खांदा दिला, डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. भंगारवाला म्हणाला, भावा, अजून शंभर वाढवून देतो.

मी एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या गटाच्या, मीटिंगला जातो. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून ते सुरू झालं. अजूनही तिथे मुख्य काम बोलणं हेच आहे. बाहेर नाव सांगायचं नाही अशी रीत आहे, म्हणून इथेही सांगत नाही. सगळ्यांना ते मानवत नाही. भावाला नको असेल तर ओढत नेऊ नका.

राहिलं लक्ष ठेवायचं. बायको दार उघडताना एक पाऊल पुढे यायची, तोंडाचा वास घ्यायला. मला अपमान वाटायचा. एकदा बोललो, तर म्हणाली, तुमच्या तोंडाचा दोष नाही, माझ्या नाकाला दहा वर्षांची सवय आहे, ते माझं ऐकत नाही. पाचव्या वर्षी कधीतरी ते थांबलं. नेमकं कधी, हे तिलाही आठवत नाही.